मनगटावर दोन इलेक्ट्रोड, आणि प्रवाह कुठे?

बॉब बेक या अमेरिकन गृहस्थांनी १९९०च्या दशकात 'रक्ताचं विद्युतीकरण' हा घरगुती उपाय लोकप्रिय केला. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे २७ व्होल्ट. सेकंदाला साधारण चार वेळा उलटसुलट होणारा प्रवाह. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन इलेक्ट्रोड एकाच मनगटावर: एक अंगठ्याच्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे, आणि दुसरा करंगळीच्या बाजूच्या धमनीवर. रोज दोन तास, तीन-चार आठवडे. दावा असा की रक्तातले विषाणू, जिवाणू, बुरशी सगळे निकामी होतात.

वाचून हसू आलं असेल, पण हसून सोडून देऊ नका. या दाव्याच्या मुळाशी खराखुरा प्रयोग आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये स्टीव्हन काली आणि विल्यम लायमन यांनी एचआयव्ही असलेल्या द्रवातून ५० ते १०० मायक्रोॲम्पिअर प्रवाह सोडला, तेव्हा विषाणूची संसर्ग करण्याची क्षमता कमी झालेली दिसली. १९९१मध्ये त्याची बातमी झाली आणि १९९३मध्ये कालींच्या नावावर पेटंटही आलं. बेक आणि त्यांचे चाहते याच पेटंटचा हवाला देतात.

आता ते पेटंट उघडा (फुकट वाचता येतं, भाषा कंटाळवाणी आहे, तरी वाचा). त्यात दोन मार्ग सांगितलेत. रक्त शरीराबाहेर काढून, डायलिसिससारखं, इलेक्ट्रोड असलेल्या नळीतून फिरवायचं; किंवा तशी छोटी नळी रक्तवाहिनीतच बसवायची. दोन्हीकडे इलेक्ट्रोड रक्ताला थेट लागतात, त्यामुळे सोडलेला प्रवाह रक्तातूनच जातो. कातडीवर पट्टी बांधायची कल्पना बेकची. आणि पेटंट म्हणजे उपचार लागू पडल्याचा पुरावा नव्हे. कल्पना नवी आहे का, एवढंच तिथे मुख्यतः तपासतात.

मग कातडीवरून दिलेला प्रवाह जातो कुठे? शाळेत आपल्याला एक वाक्य शिकवलेलं असतं: वीज सर्वांत कमी रोधाच्या वाटेने जाते. घोळ इथेच आहे. समांतर जोडणी आठवा. प्रवाह सगळ्या वाटांनी जातो, कमी रोधाच्या वाटेने जास्त आणि जास्त रोधाच्या वाटेने कमी. रक्त चांगलं वाहक आहे हे खरं, पण स्नायूही फार मागे नाहीत. दोघांत ढोबळमानाने दुपटीचा फरक. आणि मनगटातली ती धमनी आतून जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद. इतक्या बारीक वाटेला दुप्पट वाहकतेचा फायदा मिळून मिळून किती मिळणार?

त्याहून मजेशीर गोष्ट जागेची आहे. दोन्ही धमन्या मनगटात एकमेकींना समांतर, वरून खाली जातात. इलेक्ट्रोड मात्र एकीवर एक आणि दुसरीवर दुसरा. म्हणजे प्रवाहाला जायचंय आडवं, आणि रक्तवाहिनी आहे उभी. तो धमनी ओलांडतो, तिच्यातून वाहत नाही. मधलं अंतर स्नायुबंध, चरबी, मज्जातंतू, शिरा यांतूनच कापावं लागतं. सोबतच्या चित्रात मात्र रक्तवाहिनी तांब्याच्या तारेसारखी काढतात!

वेळेचंही बघा. प्रयोगशाळेतला नमुना काही मिनिटं प्रवाहाखाली होता. मनगटातलं रक्त इलेक्ट्रोडखालून सेकंदाभरात पुढे सरकतं. शिवाय एचआयव्ही ज्या लिम्फोसाइट पेशींत राहतो, त्यांपैकी रक्तात कुठल्याही क्षणी जेमतेम २ टक्के असतात. बाकीच्या लसीकाग्रंथी, आतडी, प्लीहा इथे. रक्त धुतलं तरी घर तसंच. आणि '५० मायक्रोॲम्पिअर' हा आकडा किती क्षेत्रफळातून, हे सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. केसाएवढ्या नळीतून तेवढा प्रवाह जाणं आणि अख्ख्या मनगटातून जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी. पेपर वाचताना प्रवाहाची घनता दिलेली नसेल, तर समासात प्रश्नचिन्ह काढा.

कातडीवरून वीज देणं म्हणजे सरसकट थोतांड, असं म्हणायचं नाही. फिजिओथेरपीत दुखण्यावर टेन्स मशीन लावतात. त्याचं लक्ष्य कातडीखालचे मज्जातंतू असतात, आणि ते थोड्या प्रवाहानेही उत्तेजित होतात. तिथे प्रवाहाची वाट आणि दावा एकमेकांना धरून आहेत. बेककडे तेच नाही.

बेकच्या सूचनापत्रातली एक ओळ मला सगळ्यांत जास्त खटकते. उपाय सुरू करण्याच्या दोन दिवस आधीपासून घातक ठरू शकतील अशी औषधं, वनौषधी, दारू, निकोटिन बंद ठेवा, असं ते सांगतात. कारण काय, तर विजेमुळे पेशींच्या आवरणाला छिद्रं पडतात आणि औषध नको तितकं आत शिरतं. छिद्रं पडण्याची ही क्रिया खरी आहे, प्रयोगशाळेत रोज वापरतात. पण त्यासाठी सेंटिमीटरमागे काही शे व्होल्ट लागतात. इथे २७ व्होल्ट, तीनेक सेंटिमीटर अंतर. कातडीत काहीच खर्च झाले नाहीत असं धरलं तरी सेंटिमीटरमागे ९. म्हणजे आतल्या पेशींना छिद्रं पाडण्याइतकी ताकद यंत्रात नाही, पण औषध थांबवायचा सल्ला आहे. कुठलं औषध 'घातक', हे ठरवणार कोण? घरात बसलेला रुग्णच. एचआयव्हीच्या गोळ्या थांबवल्या, तर बहुतेकांच्या रक्तात विषाणू साधारण दोन ते चार आठवड्यांत पुन्हा मोजता येण्याइतका वाढतो. बेकचा कोर्सही साधारण तेवढ्याच दिवसांचा आहे.