गुण आणि गुणवत्ता : प्रमाणित चाचण्यांवरून होणाऱ्या सार्वजनिक शाळांच्या पारखीची चिकित्सा

परीक्षेतील आकडा आणि वस्तूच्या अंगचा चांगुलपणा हे दोन्ही अर्थ मराठीत 'गुण' या एकाच शब्दाने व्यक्त होतात. भाषेची ही काटकसर शिक्षणविषयक चर्चेत मात्र महाग पडते. मुलांना पडलेले गुण म्हणजेच शाळेची गुणवत्ता, हे समीकरण सिद्ध न करताच गृहीत धरले जाते आणि त्यावर धोरणांचे इमले चढविले जातात. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्रात दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करून त्यांतील मुले जवळच्या शाळांत समाविष्ट करण्याचा निर्णय झाला, तेव्हा पटाच्या जोडीला ढासळलेल्या गुणवत्तेचे कारणही पुढे करण्यात आले होते. तेव्हा हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. (येथे 'सार्वजनिक शाळा' म्हणजे शासनाच्या व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा, फीच्या बळावर चालून दारावर 'पब्लिक स्कूल' अशी पाटी मिरविणाऱ्या शाळा अभिप्रेत नाहीत.)

या समीकरणाचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये जी सुधारित संहिता अमलात आली, तिने प्राथमिक शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेशी बांधून टाकले. सरासरी हजेरीबद्दल दरडोई ४ शिलिंग आणि परीक्षेच्या अटीवर ८ शिलिंग असा हिशेब होता. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्या प्रत्येकामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. मॅथ्यू अर्नोल्ड हे त्या काळी शाळा-निरीक्षक होते. कवी व टीकाकार म्हणूनच आपल्याकडे ते अधिक परिचित असले, तरी त्यांचे निरीक्षण-अहवाल शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावेत असे आहेत. खरोखर वाचता, लिहिता व हिशेब करता न येणारी मुलेही कुशल तयारीच्या जोरावर या तिन्ही परीक्षांतून पार पडू शकतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदविले. मूल नेमलेले पुस्तक घडाघडा म्हणते, पण दुसरे पुस्तक हाती दिले की अडते. परीक्षेचा निकाल खरा, परंतु ज्या गोष्टीचा तो निकाल म्हणून समजला जातो ती गोष्ट तेथे नाही, असा हा प्रकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही पद्धती इंग्लंडमध्ये मोडीत निघाली.

मुंबई इलाख्यातही अनुदानाच्या नियमांत 'निकालानुसार अनुदान' हे तत्त्व शिरले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी त्याबद्दल जो अभिप्राय दिला, तो आजच्या वादातही मोलाचा आहे. ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्याच्यात शिक्षणप्रसार करण्यास ही पद्धती उपयोगाची नाही. अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही. म्हणून तेथे सरकारी शाळाच हव्यात, असा त्यांचा आशय होता. या अभिप्रायातून निघणारा सिद्धान्त असा की, निकालावर मोबदला ठेवला की शिक्षकाचा कल तयार मुलाकडे वळतो आणि ज्या वस्तीत मूल तयार करण्यापासूनच आरंभ करावयाचा, तेथे जाणाऱ्यास दंड बसतो. विसाव्या शतकात समाजशास्त्राने आकडेवारीच्या साहाय्याने जे मांडले, त्याचे बीज या साक्षीत आहे. १९६६ चा कोलमन अहवाल अमेरिकेतील शाळांची अफाट पाहणी करून याच दिशेने गेला. मुलांच्या संपादणुकीतील फरकांचा मोठा वाटा शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी निगडित असल्याचे त्यात दिसून आले.

आता भारतातील अलीकडच्या आकड्यांकडे वळू. ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची घरोघरी जाऊन पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाने २०१८ मध्ये असे दाखविले की, पाचवीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण सरकारी शाळांत ४४.२ टक्के, तर खाजगी शाळांत ६५.१ टक्के आहे. सुमारे २१ टक्क्यांचे हे अंतर पाहून सामान्य वाचक एकच निष्कर्ष काढतो, आणि पालक त्या निष्कर्षानुसार मुलाचे नाव काढून घेतो. परंतु हे अंतर शाळांमधील आहे की शाळांत येणाऱ्या मुलांमधील, हे त्या दोन आकड्यांवरून कळण्याचा कोणताही मार्ग नाही. फी भरू शकणारे घर हे बहुधा शिकलेल्या आईचे, घरी पुस्तक असलेले, शिकवणी लावू शकणारे घर असते. शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे हे खरे. पण फी हीच एक चाळणी आहे, आणि ती कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. 'असर'च्याच अहवालांतून विलिमा वाधवा यांनी दाखवून दिले होते की, घरची परिस्थिती हिशेबात धरली की हे अंतर पुष्कळ आकसते.

तथापि, अशा संख्याशास्त्रीय दुरुस्तीवर एक रास्त आक्षेप राहतोच. पालकाची आस्था, चिकाटी, मुलाबद्दलची महत्त्वाकांक्षा या गोष्टी कोणत्या रकान्यात मांडावयाच्या? या अडचणीवर आंध्र प्रदेशातील प्रयोगाने जो उपाय योजिला तो अनुकरणीय आहे. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून पाच जिल्ह्यांतील १८० गावांत तो चालविला. सरकारी शाळांतील ज्या मुलांच्या पालकांनी खाजगी शाळेसाठी अर्ज केले, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून काहींना फीची रक्कम देण्यात आली. अर्ज करणारे सारेच पालक आस्थेवाईक. त्यांच्यात फरक केला तो केवळ चिठ्ठीने. दोन व चार वर्षांनंतर दोन्ही गटांची परीक्षा घेतली, तेव्हा तेलुगू व गणित या विषयांत चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुले यांत फरक आढळला नाही. खाजगी व सरकारी शाळांतील मुलांच्या कच्च्या गुणांत जे ठळक अंतर दिसत होते, ते निदान या दोन मूलभूत विषयांत शाळेच्या खाती जमा करण्यास आधार उरला नाही.

सार्वजनिक शाळांचे कैवारी हा प्रयोग येथपर्यंतच सांगतात. त्याचा उत्तरार्ध त्यांना तितकासा सोयीचा नाही. खाजगी शाळांनी तेलुगू व गणितास कमी वेळ देऊनही बरोबरी साधली होती, उरलेल्या वेळात इतर विषय शिकविले होते, हिंदीत त्यांची मुले स्पष्टपणे पुढे होती, आणि त्यांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या सुमारे एक-तृतीयांश होता. म्हणजे गुणांचे अंतर हा सार्वजनिक शाळांच्या निकृष्टतेचा पुरावा नाही, हे जितके खरे, तितकेच अंतर नसणे हा त्यांच्या कार्यक्षमतेचा पुरावा नाही, हेही खरे. एवढी काळजीपूर्वक मांडणी करूनही गुणांवरून अंतिम निवाडा होत नाही; मग कच्च्या सरासऱ्यांची उतरंड लावून शाळांना श्रेणी देण्याची घाई कितपत क्षम्य मानावी?

लहान शाळांच्या बाबतीत तर या घाईत उघड गणिती प्रमाद होतो. समजा, एखाद्या जिल्ह्यातील मुलांच्या गुणांचे प्रमाण विचलन २० आहे आणि सर्व शाळा अगदी सारख्याच दर्जाच्या आहेत. तरीही केवळ योगायोगाने ४०० मुलांच्या शाळेची सरासरी १ गुणाच्या प्रमाण विचलनाने हेलकावेल, तर १६ मुलांच्या शाळेची ५ गुणांनी. साहजिकच गुणवत्तायादीच्या माथ्यावर लहान शाळा दिसतील आणि तळाशीही लहानच दिसतील. मधल्या प्रतिष्ठित जागा मोठ्या शाळांना मिळतील. अठराव्या शतकात द म्वाव्र यांनी मांडलेल्या नियमाचाच हा परिणाम आहे. केन व स्टेगर या अभ्यासकांनी २००२ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शाळांच्या बाबतीत तो प्रत्यक्ष दाखवून दिला. महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक असल्याचे २०२३ मध्ये समूहशाळांच्या प्रस्तावाच्या वेळी पुढे आले. डोंगरातील, पाड्यांवरील अशा शाळेत एका वर्षी दोन हुशार भावंडे चौथीत असली की शाळा आदर्श ठरते, आणि पुढील वर्षी ती पुढे सरकली की अधोगतीला लागते. गुरुजी तेच, फळा तोच. समूहशाळांच्या बाजूने बोलण्यासारखे अन्य मुद्दे असतील. पण एका वर्षीच्या सरासरीवरून अशा शाळेच्या गुणवत्तेचा निवाडा करणे हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही शोभणारे नाही.

चाचणी कोण घेतो, हाही प्रश्न गौण नाही. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात सुमारे २२ लाख मुलांची चाचणी झाली. नमुन्याचा हा विस्तार पाहून छाती दडपते. परंतु जॉन्सन व परादो यांनी २०२१ मध्ये या सर्वेक्षणाची 'असर' व अन्य पाहण्यांशी तुलना केली, तेव्हा राज्यांच्या सरासऱ्या संशयास्पदरीत्या चढ्या आढळल्या, आणि राज्यांचा क्रम इतर पाहण्यांतील क्रमाशी जवळजवळ जुळतच नव्हता. मध्य प्रदेशातील शालेय मूल्यांकनाबाबत अभिजीत सिंह यांनी केलेली तपासणीही याच जातीची आहे. तेच प्रश्न त्रयस्थांनी पुन्हा विचारले असता बरोबर उत्तरांचे प्रमाण बरेच घसरले. यात शिक्षकवर्गाच्या नीतिमत्तेवर प्रवचन झोडण्याचे कारण नाही. ज्याचे मूल्यमापन व्हावयाचे त्याच्याच हाती माप दिले, तर माप फुगणारच. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण करण्याचे लक्ष्य ठेवून शाळांवर कारवाईची टांगती तलवार धरली. अटलांटा शहरात त्याच काळात शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांतील चुका खोडून दुरुस्त केल्याचे २०११ च्या चौकशीत उघड झाले; ४४ शाळा आणि १७८ शिक्षक व अधिकारी त्यात गुंतले होते. ते लक्ष्य कधीच गाठले गेले नाही आणि २०१५ मध्ये तो कायदा बदलण्यात आला.

चाचणीच्या भाषेचा मुद्दा येथे थोडक्यात नमूद करणे पुरेसे आहे. मेळघाटातील कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारमधील भिली बोलणारे मूल प्रमाण मराठीतील शाब्दिक उदाहरण सोडविण्यास बसते, तेव्हा त्याच्या गणिताआधी त्याच्या मराठीची परीक्षा होते. गुण मात्र गणिताच्या रकान्यात मांडले जातात. विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतील भेद पाठ्यपुस्तकांत पाठ केला जातो तो नेमका अशा प्रसंगी विसरला जातो.

मग या चाचण्या निरुपयोगी समजाव्यात काय? सार्वजनिक शाळांच्या समर्थनार्थ लिहिणारे पुष्कळ जण अखेर याच निष्कर्षावर येतात, आणि तेथेच त्यांच्या युक्तिवादाचा तोल जातो. वस्तुतः एकाच आकड्याला दोन भिन्न प्रश्न विचारले जात आहेत. 'कोणती शाळा अधिक चांगली?' या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कच्चे गुण देऊ शकत नाहीत, ते वर दाखविलेच. 'या मुलास वाचता येते काय?' हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर साधी, प्रामाणिकपणे घेतलेली चाचणी निःसंदिग्धपणे देते, आणि त्या उत्तरातून घरच्या गरिबीची वजावट करता येत नाही. पाच वर्षे शाळेत येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, याचे कारण घरी सापडेलही. त्याचे उत्तरदायित्व मात्र घरावर टाकता येणार नाही. घरी जे मिळू शकत नाही ते देण्यासाठीच तर सार्वजनिक शाळा काढली गेली. फुल्यांनी निकालानुसार अनुदानाला विरोध केला तो शाळांना निकालाच्या जबाबदारीतून मोकळे करण्यासाठी नव्हे. त्याच निवेदनात त्यांनी सरकारी प्राथमिक शाळांच्या दर्जावर आणि शिक्षकांच्या तयारीवर कठोर टीका केली होती, याचा विसर पडू नये.

शाळेच्या कामाचा अंदाज घ्यावयाचाच असेल, तर मूल आले तेव्हा कोठे होते आणि गेले तेव्हा कोठे पोचले, या दोन नोंदींतील अंतर पाहणे हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग दिसतो. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. वर्षारंभी पायाभूत आणि पुढे दोन संकलित. त्यांची रचना या दृष्टीने उपयोगी पडण्यासारखी आहे. मात्र या चाचण्या वर्गशिक्षकच घेतात व तपासतात, आणि उद्या शाळांची श्रेणी त्यांवरून ठरू लागली, तर पायाभूत चाचणीत हात आखडून आणि अखेरच्या चाचणीत सैल सोडून गुण देण्याचा मोह कोणासही होईल. तसे झाल्यास आज त्यांचा जो खरा उपयोग आहे तोही नाहीसा होईल. दोन अंकी वजाबाकीत दशक सुटा करताना कोणत्या मुलाचे कोठे चुकते, हे उत्तरपत्रिकेत स्पष्ट दिसते. शाळेची सरासरी काढून ती वर पाठविली की त्या सरासरीत ते दिसत नाही. उत्तरपत्रिका वर्गात राहते, सरासरी संचालनालयात जाते, आणि शाळेबद्दलचे निर्णय संचालनालयात होतात.