स्टेंटमधील ‘मोजलेला ताण’

धमनीत बसविण्याच्या स्टेंटसंबंधी मराठीत लिहिताना ‘जाळीतील ताण मोजला असता’ अशी शब्दयोजना सहज येऊन जाते. तीत दोन दोष आहेत. पहिला परिचित आहे. ‘ताण’ हा एकच शब्द स्ट्रेस, स्ट्रेन व टेन्शन ह्या तिन्ही संज्ञांचा भार वाहतो. शास्त्रीय परिभाषेने प्रतिबल व विकृती हे शब्द देऊन ही व्यवस्था केव्हाच लावली आहे. (रुग्णाच्या धमनीतील जाळीची ‘विकृती’ म्हटल्यावर वाचकास रोगच आठवणार, ही अडचण मात्र खरी.)

दुसरा दोष क्रियापदात असून तो अधिक गंभीर आहे. १८२२ साली कोशी ह्या फ्रेंच गणितज्ञाने मांडलेले प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या आत कल्पिलेल्या छेदावर दर एकक क्षेत्रफळास येणारे बल. ते कोणत्याही उपकरणास थेट दिसत नाही. मोजली जाते ती विकृती, किंवा बाहेरून लावलेले बल. प्रतिबल त्यावरून काढावे लागते. दांडा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा, म्हणून विकृतिमापक चिकटविण्याचीही सोय नाही. क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकातील अणुप्रतलांमधील अंतर कळते; तीही विकृतीच. संगणकाने रंगविलेल्या चित्रातील मेगापास्कलचे आकडे तर सर्वस्वी गृहीत धरलेल्या पदार्थनियमावर उभे असतात.

पोलादाच्या बाबतीत, स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत, ही शिथिलता क्षम्य ठरावी. तेथे यंगच्या गुणांकाने गुणले की काम भागते. निटिनॉल ह्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूत तसे नाही. विकृती सुमारे एक टक्क्यापलीकडे गेली की त्याची स्फटिकरचना पालटू लागते. पुढे विकृती कित्येक टक्के वाढते, प्रतिबल जवळपास स्थिर राहते. भार काढताना परतीची वाट निराळी, खालची. तेव्हा एकाच विकृतीस दोन प्रतिबले संभवतात, आणि त्यांतील कोणते खरे हे जाळीचा पूर्वेतिहास ठाऊक असल्याखेरीज सांगता येत नाही. निटिनॉलच्या श्रांतीची मर्यादा विकृतीत सांगण्याचा प्रघात पडला तो ह्याचमुळे. पेल्टन व सहकाऱ्यांनी २००८ साली एक कोटी आवर्तनांसाठी दिलेली मर्यादा ०.४ टक्के विकृति-परमप्रसराची आहे. दहा वर्षांच्या नाडीस्पंदनांची चाचणी सुमारे ४० कोटी आवर्तनांची असते. मांडीच्या धमनीतील जाळीस चालण्याबसण्यातील वाकणेही सोसावे लागते, आणि तेथे दांडे तुटल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

‘मोजले’ हे क्रियापद वाचून विद्यार्थी पदार्थनियमाची चौकशी करीत नाही. ‘विकृती मोजून, अमुक नियम धरून, प्रतिबल काढले’ असे लिहिले की ती चौकशी वाक्यातच होते. ‘काढणे’ हे क्रियापद मराठी गणिताच्या वर्गात रोजच्या वापरातले आहे.