हॅलेचा धूमकेतू आणि आपले प्रकल्प

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेलो की हॅलेच्या धूमकेतूवरचा एखादा प्रकल्प आम्हाला हमखास पाहायला मिळतो. थर्माकोलचा गोळा, त्याला चमकीची शेपटी आणि शेजारी सुबक अक्षरांतला तक्ता : 'हा धूमकेतू दर ७६ वर्षांनी दिसतो.' मेहनत असते, मांडणीही नीटनेटकी असते. तरीही आमचे समाधान होत नाही. माहिती गोळा झालेली असते. प्रश्न मात्र एकही पडलेला नसतो.

'दर ७६ वर्षांनी' हे विधानच घेऊ. हा धूमकेतू सूर्याजवळून गेला ती वर्षे अशी : १५३१, १६०७, १६८२, १७५९, १८३५, १९१० आणि १९८६. विद्यार्थ्यांना नुसती वजाबाकी करायला सांगा. उत्तरे येतील ७६, ७५, ७७, ७६, ७५, ७६. म्हणजे काळ सारखा नाही! असे का, हा प्रश्न इथे वर्गातून उठायला हवा. तक्त्यावरचा एकच आकडा नेमका तोच प्रश्न झाकून टाकतो.

एडमंड हॅले यांनाही ही अडचण आली होती. १५३१, १६०७ व १६८२ या तिन्ही धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ सारख्या आहेत, हे त्यांनी १७०५ साली दाखवले. तो एकच धूमकेतू असून १७५८ साली परत येईल, असे भाकीत त्यांनी केले. मधला काळ कमीजास्त होतो तो मोठ्या ग्रहांच्या आकर्षणामुळे. पुढे फ्रान्समध्ये क्लेरो यांनी लालांद व निकोल-रेन लपोत यांच्या मदतीने गुरू आणि शनी यांचा परिणाम हाताने आकडेमोड करून काढला. सुमारे ६१८ दिवसांचा उशीर निघाला. धूमकेतू एप्रिल १७५९ च्या मध्याला, फार तर महिनाभर मागेपुढे, सूर्याच्या सर्वांत जवळ येईल असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात तो १३ मार्चला आला. हॅले १७४२ सालीच वारले होते. भाकीत, त्यातली चूक आणि तिची मर्यादा हे सारे प्रकल्पात यायला नको का?

दुसरी गोष्ट शेपटीची. प्रतिकृतीत ती आगगाडीच्या धुरासारखी नेहमी मागे असते. खरी शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, हे पीटर एपियन यांनी १५३१ साली याच धूमकेतूच्या बाबतीत नोंदवले होते. सौरवारा वायूला आणि सूर्यप्रकाशाचा दाब धुळीला दूर ढकलतो. म्हणून सूर्यापासून परत जाताना शेपटी पुढे आणि धूमकेतू मागे, असे दृश्य असते! सूर्याच्या जागी टेबलपंखा ठेवून, गोळ्याला कागदी फिती बांधून तो पंख्यासमोर जवळ-दूर न्या. पंख्याचा वारा ही केवळ उपमा आहे, हे मात्र विद्यार्थ्यांना जरूर सांगा.

दोष एकट्या शिक्षकांचा नाही. सजावटीला गुण देणारे आम्ही परीक्षकही त्यात आहोत. चमकीपेक्षा वजाबाकीला अधिक गुण मिळू लागले, तर प्रकल्प आपोआप बदलतील.

डिसेंबर २०२३ मध्ये हा धूमकेतू सूर्यापासून सर्वांत दूर जाऊन परतीला लागला आहे. जुलै २०६१ मध्ये तो पुन्हा सूर्याजवळ येईल, म्हणजे या वेळी ७५ वर्षांनी. आजचे विद्यार्थी तेव्हा तो स्वतः पाहू शकतील. शाळेत केलेली वजाबाकी त्या दिवशी आठवली, तर तो प्रकल्प खरा.