‘झोंबी’तील दोन मास्तर आणि शिस्तीची मर्यादा

उच्छृंखल विद्यार्थ्याला शासन करताना शिक्षकाने कोठे थांबावे, या प्रश्नाचा विचार मराठीत बहुधा दोन ठिकाणी आढळतो. एका बाजूस शिक्षणशास्त्राचे ग्रंथ आणि शासनाचे नियम आहेत. दुसऱ्या बाजूस छडीची महती सांगणाऱ्या म्हणी आणि शाळेच्या आठवणींचे ललित लेखन आहे. पहिल्या प्रकारच्या लेखनात प्रत्यक्ष वर्ग क्वचितच दिसतो. दुसऱ्यात तो दिसतो. परंतु मधल्या वर्षांच्या अंतरामुळे त्यातील मारदेखील गोड झालेला असतो. या दोहोंहून वेगळा असा पुरावा आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात मिळतो. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथाचा विचार आजवर मुख्यत्वे ग्रामीण जीवनाचे चित्रण म्हणून झाला. शालेय शिस्तीच्या प्रश्नाच्या दृष्टीनेही तो वाचण्याजोगा आहे.

या ग्रंथाची भूमी कागल ही होय. कागल आणि हिरण्यकेशीच्या काठचे गडहिंग्लज ही दोन्ही कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्यांची गावे. दोहोंवर पूर्वी करवीर संस्थानाची छाया होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. हा दंड मुलाला नव्हता, पालकाला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलाला शाळेपासून तोडणारी शक्ती शेतात आणि घरात असते, हे त्या हुकुमाने ओळखले होते. या मुलखात शाळा ही शेताकडून जिंकून घ्यावी लागलेली गोष्ट आहे. म्हणून शिक्षेची मर्यादा ठरविताना येथे पहिला प्रश्न असा उपस्थित होतो, की या शिक्षेमुळे मूल वर्गात राहील, की पुन्हा बांधावर जाईल?

‘झोंबी’तील आनंदाला वडिलांनी शाळेतून काढून शेतीच्या कामाला जुंपलेले असते. गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव यांच्या मध्यस्थीने तो पुन्हा पाचवीच्या वर्गात येऊन बसतो. परंतु शाळेपूर्वी व शाळेनंतर शेतात राबण्याची अट त्याच्या मानेवर असतेच. बरोबरीची मुले पुढच्या वर्गात निघून गेलेली, अंगावर शाळेला न शोभणारा वेष, आणि वर्गात अनोळखी चेहरे. अशा स्थितीत चव्हाणांचा एक दांडगा मुलगा त्याच्या डोक्यावरचे वस्त्र ओढून घेतो व त्याची टवाळी करतो. शाळा नकोच, शेतच बरे, असे त्याला वाटू लागते. येथे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. बापाने अडविलेल्या मुलाला दत्ताजीरावांनी शाळेत आणले. परंतु वर्गातील दांडगाई त्याला पुन्हा बाहेर घालविण्याच्या बेतात होती. उच्छृंखलपणाचा त्रास शिक्षकाला होतो, हे खरे. त्याची खरी किंमत मात्र वर्गातील सर्वांत दुबळे मूल मोजते. शिस्त नको, असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचे उत्तर दिले पाहिजे.

हे उत्तर ग्रंथात मंत्री मास्तरांच्या रूपाने येते. ते वर्गशिक्षक आहेत व गणित शिकवितात. छडीचा उपयोग ते सहसा करीत नाहीत; मान धरून पाठीत गुद्दा घालतात. त्यांच्या धाकाने दांडग्या मुलांचा धिंगाणा थांबतो, मुले घरून अभ्यास करून येऊ लागतात, आणि आनंदाला वर्गात स्वस्थपणे बसता येते. निवेदकाने हे सारे कृतज्ञतेने सांगितले आहे. यावरून ‘मारावाचून विद्या नाही’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो वरवर पाहता ग्रंथाशी सुसंगतच वाटेल.

परंतु तोच मजकूर बारकाईने वाचला असता निराळे दिसते. ज्याचे गणित चुकले, त्याला हे मास्तर जवळ बोलावून समजावून देतात; गुद्दा पडतो तो मूर्खपणा दिसला म्हणजे. चूक आणि वर्तन यांत त्यांनी एक भेद केलेला आहे, जरी तो सर्वत्र नेमका नसला तरी. मूर्खपणाच्या सदरात अज्ञान कधी शिरेल, याचा भरवसा नसतो. म्हणूनच निरपराध मुलांनाही घाम फुटतो. शिवाय आनंदाचे गणित सुधारते ते कशाने? वसंत पाटील नावाचा हुशार व शांत मुलगा इतरांची गणिते तपासतो. आनंदा त्याच्याप्रमाणे वह्या-पुस्तकांची निगा राखतो, त्याच्याजवळ बसतो, त्याच्यासारखीच गणिते सोडवू लागतो. आणि एके दिवशी मास्तर त्याला नावाने हाक मारू लागतात. गुद्द्याने वर्ग शांत झाला असेल. शिक्षण झाले ते या इतर गोष्टींनी. एकाच माणसाच्या ठायी दोन्ही असल्यामुळे आठवणीत त्यांची गल्लत होते. ही गल्लत उलगडून दाखविणे हेच येथे समीक्षेचे काम आहे.

आत्मचरित्राच्या पुराव्याची एक स्वाभाविक मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. शाळेतील माराविषयी लिहितो तो शाळेत टिकलेला माणूस. ज्याने पाठीत गुद्दा खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून गुरे राखायला जाणे पत्करले, त्याने पुढे आत्मचरित्र लिहिलेले नाही. म्हणून ‘मास्तरांनी मारले म्हणून मी घडलो’ या प्रकारच्या साक्षी कितीही जमविल्या, तरी त्या एकाच बाजूच्या राहतात.

‘झोंबी’चे श्रेष्ठत्व असे, की त्याने दुसऱ्या प्रकारच्या शिस्तीचीही साक्ष त्याच पानांजवळ ठेवली आहे. मराठी शिकविणारे सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर म्हणतात, हावभावांनी ती मुलांपुढे उभी करतात. आनंदा पिकांना पाणी पाजताना, गुरे चारताना त्या कविता मोठ्याने म्हणतो. पुढे स्वतःच्या चालीही लावू लागतो. पूर्वी शेतातला एकटेपणा त्याला नकोसा वाटे, आता तो हवासा वाटतो. मंत्री मास्तरांचा धाक वर्गाच्या दारापर्यंत चालतो. सौंदलगेकरांची कविता मोटेपर्यंत पोहोचते. मास्तर समोर नसताना मुलगा काय करतो, ही शिस्तीची कसोटी मानली, तर या दोहोंतील अधिक शिस्तप्रिय शिक्षक कोण, हे निराळे सांगण्याची गरज उरत नाही. ज्या मुलाला घरीही बापाचा मारच मिळतो, त्याला शाळेतील गुद्दा ही ओळखीची भाषा असते. शाळेने त्याला अनोळखी भाषा द्यावयाची असते.

तथापि या तुलनेचा अर्थ सौंदलगेकर पुरेसे होते, असा नाही. कवितेच्या तासाला येण्याइतके आनंदा वर्गात टिकला, तो दांडगाई आधी थांबली म्हणून. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात मुलांची अव्यवस्था पाहून ते न रागावता स्वतः खोल्या आवरीत, हे प्रसिद्ध आहे. परंतु हा मार्ग अव्यवस्थेला लागू पडतो. एक मुलगा दुसऱ्याला छळीत असेल, तर शिक्षकाच्या मौन सेवेने छळ सोसणाऱ्याचे रक्षण तत्काळ होत नाही. तेथे हस्तक्षेप हवाच. प्रश्न उरतो तो त्याच्या स्वरूपाचा.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. गुद्दा आणि हकालपट्टी ही दोन्ही टोके कायद्याने बंद केली. मधल्या जागेत काय करावे, हे मात्र शिक्षकावर सोपविले. ही मधली जागा ओळखण्यात चूक झाली म्हणजे काय होते, हे गडहिंग्लजच्या शेजारच्या चंदगड तालुक्यात २०१७ च्या अखेरीस दिसले. गृहपाठ केला नाही म्हणून आठवीतील एका मुलीस पाचशे उठाबशांची शिक्षा देण्यात आली. तीनशेच्या सुमारास तिची प्रकृती बिघडली व तिला रुग्णालयात न्यावे लागले. या प्रकरणात छडी नव्हती, गुद्दाही नव्हता. आणि मुलीचा अपराध उच्छृंखलपणाचाही नव्हता. न केलेल्या कामाला वर्तनाचा गुन्हा मानले गेले, आणि शिक्षेचे माप अपराधाने न ठरता आकड्याने ठरले. मंत्री मास्तरांनी निदान गणित चुकणे आणि दांडगाई यांत जो भेद राखला होता, तोही येथे राखला गेला नाही.

गडहिंग्लजसारख्या ठिकाणी हा भेद अधिकच जपून करावा लागतो. तालुक्याच्या पूर्वेकडील कित्येक घरांत कन्नड बोलली जाते. अशा घरातील मूल मराठी प्रश्नाला गप्प राहिले, तर ते मौन उद्धटपणाचे असेलच असे नाही. उसाच्या हंगामात घरच्या कामाने थकून आलेल्या मुलाची पेंगही अवज्ञा नव्हे. शिक्षकाने शासन करण्यापूर्वी समोर आहे ती आडदांड कृती, की असमर्थता, याचा निवाडा केला पाहिजे. कृती असेल, तर ती त्याच क्षणी थांबवावी, जागा बदलावी, ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करवून घ्यावी, पालकास बोलवावे. असमर्थता असेल, तर जवळ बोलावून समजावून द्यावे.

मर्यादेची रेषा म्हणून छडीच्या जाडीने किंवा उठाबशांच्या संख्येने ठरविता येत नाही. शिक्षा झालेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर मान वर करून बसू शकेल, आणि ज्याला त्याने छळले तेही निर्धास्तपणे शेजारी बसू शकेल, तेथपर्यंत शिक्षकाचे शासन ग्राह्य आहे. या दोहोंपैकी एकासही शाळेपेक्षा शेत बरे वाटू लागले, तर मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. मग शिक्षा कितीही सौम्य असो, किंवा शिक्षक कितीही क्षमाशील असो.