ग्लेंडा जॅक्सन : त्याग, संसद आणि पुनरागमन

एखाद्या अभिनेत्रीने चित्रपट सोडून अन्य क्षेत्र स्वीकारले, की त्याचे विवेचन बहुधा दोन प्रकारे केले जाते. तिची लोकप्रियता ओसरली होती, हा एक प्रकार. नव्या क्षेत्रातही ती अभिनयच करीत राहिली, हा दुसरा. ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन (१९३६–२०२३) यांच्या संदर्भात ही दोन्ही विवेचने अपुरी ठरतात.

गवंड्याच्या घरात जन्मलेल्या जॅक्सन यांना 'विमेन इन लव्ह' (१९६९) व 'अ टच ऑफ क्लास' (१९७३) या चित्रपटांसाठी ऑस्कर पारितोषिके मिळाली. दोन्ही समारंभांना त्या अनुपस्थित होत्या. बीबीसीच्या 'एलिझाबेथ आर' (१९७१) या मालिकेसाठी त्यांनी डोक्यावरील पुढचे केस काढून टाकले. रूपापेक्षा भूमिकेला महत्त्व देणारी ही वृत्ती त्यांच्या पुढील निर्णयाशी सुसंगत आहे.

१९९२ साली हॅम्पस्टेड व हायगेट मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे निवडून आल्यावर त्यांनी अभिनय पूर्णतः थांबविला. १९९७ ते १९९९ या काळात त्या परिवहन खात्याच्या कनिष्ठ मंत्री होत्या. त्यापुढचे पद त्यांना लाभले नाही. इराक युद्धाच्या प्रश्नावर त्यांनी स्वपक्षाच्याच पंतप्रधानांना विरोध केला. २०१० मध्ये त्या अवघ्या ४२ मतांनी विजयी झाल्या. प्रसिद्धीच्या बळावर सत्ता मिळविणाऱ्या तारकेचे हे चित्र नव्हे.

एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर यांना आदरांजली वाहण्यासाठी भरलेल्या सभागृहात त्यांनी थॅचर यांच्या धोरणांवर कठोर टीका केली. हुजूर पक्षाच्या बाकांवरून व्यत्यय येत असतानाही त्या थांबल्या नाहीत. या भाषणास 'अभिनय' संबोधणे सोयीचे आहे. त्यातील स्वरनियंत्रण रंगभूमीची देणगी आहे, हेही मान्य करावे लागेल. तथापि दुकानांच्या दारांत झोपणारी बेघर माणसे, शाळा व रुग्णालये यांची दुरवस्था हा त्यातील आशय लोकप्रतिनिधीच्या अनुभवाचा आहे. 'अभिनय' हा शब्द वापरला की त्या आशयास उत्तर देण्याची जबाबदारी टळते.

२०१५ मध्ये संसद सोडून २०१६ साली, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांनी लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंचावर किंग लिअर साकारला. येथे खरा समीक्षाप्रश्न उद्भवतो. नाटककार स्त्रीला केंद्रस्थानी ठेवत नाहीत, अशी त्यांची जुनी तक्रार होती. आणि पुनरागमनासाठी त्यांच्या तोलामोलाची भूमिका लाभली ती पुरुषाची. एडवर्ड एल्बी यांच्या 'थ्री टॉल विमेन'मधील वृद्धेच्या भूमिकेसाठी २०१८ मध्ये त्यांना टोनी पारितोषिक मिळाले. परंतु अशी नाटके विरळाच.

सारांश, जॅक्सन यांनी अभिनय का सोडला, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या राजकीय निष्ठेत सापडते. त्या तेवीस वर्षांत प्रौढ स्त्रीसाठी चित्रपट व रंगभूमी यांनी काय निर्माण केले, हा प्रश्न मात्र त्या माध्यमांनाच विचारला पाहिजे.