पाया एक, घाट दोन

मर्सिडीज-बेंझच्या ईक्यूएस या विद्युत गाडीची दोन रूपं आहेत, सेडान आणि एसयूव्ही. दोन्हींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अगदी सारखं, ३२१० मिलिमीटर. दोन्हींच्या तळाशी बॅटरीचा सपाट थर, पुढच्या-मागच्या आसांवर एकेक मोटर. दोन्हींची जुळणी आपल्या चाकणला होते. सेडानची २०२२ पासून, एसयूव्हीची २०२४ पासून. कारागीर तेच, सामान जवळपास तेच, काळही तोच. एवढं सगळं समान असताना वर उभारलेला घाट मात्र पूर्ण वेगळा आहे, त्यामुळे ही जोडी शेजारी ठेवून वाचली की घाटाची निवड माणसाच्या बसण्या-उठण्याचं काय करते ते स्वच्छ दिसतं.

बाजारात आल्या तेव्हा सेडानची शोरूम किंमत १ कोटी ५५ लाख होती आणि एसयूव्हीची १ कोटी ४१ लाख. सोलापुरात एवढी गाडी घेणारी घरं मोजकीच. पण हीच निवड वीस, तीस, चाळीस लाखांच्या गाडीतही करावी लागते आणि होटगी रोडपासून जुळे सोलापुरापर्यंत ती घराघरांत चर्चिली जाते. म्हणून मोठ्या जोडीपासून सुरुवात करतो. तिच्यात दोन्ही टोकं ठळक दिसतात.

आधी सेडान. तिला समोरून पाहू नका, बाजूने पाहा. नाकापासून शेपटीपर्यंत एकच कमान आहे. बॉनेट, काच, छत, डिकी असे जुन्या सेडानचे वेगवेगळे टप्पे इथे एकमेकांत विरघळून गेलेत. पुढे इंजिन नसल्यामुळे बॉनेट लांब ठेवायचं कारणच उरलं नाही; आतली बैठक पुढे सरकली आणि छताची रेषा पुढच्या चाकाच्या जवळून सुरू झाली. दाराच्या मुठी पत्र्यात मिटून जातात. हवेला विरोध करण्याचा तिचा गुणांक ०.२० आहे. २०२१ साली ती जगापुढे आली तेव्हा कारखान्यात नियमित बनणाऱ्या गाड्यांत इतका कमी गुणांक दुसऱ्या कुणाचा नव्हता.

या रेषेखातर काय काय सोडलंय तेही पाहण्यासारखं आहे. तिचं बॉनेट मालकाने उघडायचंच नाही. काच धुण्याचं पाणी भरायला डाव्या मडगार्डवर एक छोटी झडप आहे. ती दाबली की लहानसा तोटीचा कप्पा बाहेर येतो. एरवी कुणाच्या नजरेतही न येणारी ही जागा सोलापुरात मात्र रोजच्या वापरातली होईल, कारण एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे सकाळी पुसलेल्या काचेवर दुपारपर्यंत धुळीचा थर बसलेला असतो. मला ती झडप फार आवडते. संपूर्ण अंगावर एकही फट नको असा हट्ट धरलेल्या रचनाकाराने इथे माणसासाठी तळहाताएवढी जागा राखून ठेवलीय.

या आकाराचा खरा आनंद मोहोळ सोडल्यावर येणार. सोलापूर-पुणे महामार्ग टेंभुर्णी, इंदापूर करत पळसदेवला पोचतो आणि उजव्या हाताला उजनीचा फुगवटा दिसू लागतो. तो मोकळा, सरळ, चौपदरी रस्ता आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत या पट्ट्यावर इंजिन गुरगुरत असतं आणि त्याखाली वारा लपून जातो. विद्युत गाडीत इंजिनाचा आवाज गेला की वारा ऐकू येतो, आरशाभोवती, काचेच्या कडेला, छताच्या टोकाला. सेडानची कमान त्या वाऱ्याला अडवत नाही, त्याला अंगावरून सरकू देते. तिची शांतता जाड काचांइतकीच या आकारातून येते. सौंदर्य आणि उपयोग इथे एका रेषेत आलेत, आणि असं यंत्रांत क्वचित घडतं.

एसयूव्हीचा गुणांक ०.२६ आहे, शिवाय समोरून दिसणारा तिचा आकारही मोठा. त्याची किंमत किती? ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने सोलापूर ते पुणे हे अडीचशे किलोमीटर धरून ढोबळ हिशेब केला, तर वारा कापण्यासाठी एसयूव्हीला सेडानपेक्षा आठ-दहा युनिट वीज जास्त लागेल. घरच्या मीटरवर शंभर रुपयांच्या आसपासचा फरक. पैशाच्या दृष्टीने तो दीड कोटीच्या गाडीत कुणाला जाणवणार नाही. पण कंपनीला तो जाणवला. एसयूव्हीत १२२ किलोवॉट-तासांची बॅटरी घातली, सेडानमध्ये १०७.८ ची आहे. एवढी मोठी बॅटरी घालूनही एका चार्जमधला एआरएआयने प्रमाणित केलेला पल्ला सेडानचा ८५७ किलोमीटर, तर एसयूव्हीचा ८०९. आपल्या उन्हात, एसी लावून, महामार्गाच्या वेगाने हे आकडे बरेच खाली येतात, पण दोघींमधलं नातं तेच राहतं. सेडान कमी अन्नात जास्त चालते.

सोलापूरकराला या काटकसरीचं मोल कळायला हवं. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे आणि तिथे कोळसा जळतो. आपल्या घरात येणारी वीज सगळी तिथलीच असते असं नाही, पण बहुतेक युनिटांमागे कुठेतरी काहीतरी जळतं हे आपल्याला धुराड्यासकट दिसतं. विजेवर चालणारी गाडी स्वच्छ म्हणून घ्यायची, तर तिने वीज जपून खाल्ली पाहिजे. या कसोटीवर सेडान निःसंशय सरस आहे.

आता मागचं दार उघडू या. भारतात सेडान मागच्या सीटवर बसून ओळखली जाते. इथे सोलापूरचा एक धागा आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे फियाट आणि प्रीमियर पद्मिनी बाहेर पडल्या. पद्मिनी काही आलिशान गाडी नव्हती. पण तिची मागची सीट सोफ्यासारखी उंच होती, खाली पाय ठेवायला खोल जागा होती आणि छत डोक्यापासून लांब होतं. लग्नाच्या वऱ्हाडातली वडीलधारी मंडळी तिच्यात गुडघे न दुमडता बसत. सेडान म्हणजे मागे ऐसपैस बसणं, ही समजूत आपल्यात अशा गाड्यांनी रुजवली.

विद्युत सेडानमध्ये या समजुतीला धक्का बसतो. बॅटरी जमिनीत आहे, म्हणजे जिथे पाय ठेवायचे ती जमीन वर आली. सीटही तेवढीच वर उचलावी तर छत आडवं येतं, कारण ते हवेसाठी मागे उतरत गेलंय. ईक्यूएस सेडानची एकूण उंची १५१२ मिलिमीटर. मग सीट खालीच राहते, पाय वर येतात, गुडघे उचलले जातात आणि मांडीचा पुढचा भाग गादीवरून अधांतरी सुटतो. लांबी भरपूर आहे, पाय पुढे पसरता येतात, गादी उत्तम आहे, कातडं मऊ आहे. तरी दोन तासांनी कंबर बोलू लागते. बाहेरून एवढी निर्दोष वाटणारी रचना नेमकी त्या जागी उणी पडते जिच्यासाठी सेडान घ्यायची असते. माझ्या मते या गाडीतला हा खरा रसभंग आहे, आणि तो टाळणं रचनाकाराच्या हातात नव्हतं. खाली बॅटरी आणि वर वारा या दोघांनी माणसाला मधे दाबलंय.

एसयूव्हीची उंची १७१८ मिलिमीटर आहे. हे २०६ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ वीतभर उंची. बॅटरीने जेवढी जमीन खाल्ली तेवढी या उंचीने परत दिली, वर थोडी शिल्लकही राहिली. मांडी गादीवर पूर्ण टेकते, पाय सरळ खाली जातात. गंमत म्हणजे ही गाडी सेडानपेक्षा सुमारे नऊ सेंटिमीटरने आखूड आहे, तरी तिच्यात तिसरी रांग बसते. बाहेरून ती तेवढी देखणी नाही, हे मान्य करतो. समोरचा काळा चकचकीत चेहरा मोठा झाला की निर्विकार वाटतो, आणि सेडानची ती अखंड कमान इथे दारांपाशी जड होते. पण जुन्या सेडानची मागची सीट आज या गाडीत राहायला आलीय. आकार बदलला आणि सुख जागा बदलून गेलं. विद्युत गाड्यांच्या काळातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घडामोड हीच.

आपल्या घरांचं फिरणं कसं असतं ते आठवा. गुरुवारी अक्कलकोट, मंगळवारी किंवा शुक्रवारी तुळजापूर, एकादशीला पंढरपूर. सोबत आजी, तिची पिशवी, प्रसादाचं ताट, दोन नातवंडं. आजी नऊवारीत असते, नाहीतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं. सेडानमध्ये बसताना तिला मान वाकवून, एक हात दाराला धरून, स्वतःला खाली सोडावं लागतं. उतरताना कुणीतरी हात देऊन वर ओढायचं. उंच गाडीत उलट अडचण, पाऊल वर चढवायचं. पण तिथे पायफळी लावता येते, आणि चढल्यावर सीट कमरेच्या पातळीला येते, म्हणजे खुर्चीवर बसावं तसं आडवं सरकून बसता येतं. खाली सोडण्यात भीती असते, चढण्यात फक्त कष्ट. म्हाताऱ्या माणसाला कष्टापेक्षा भीती जास्त थकवते.

आणि मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. त्या मापाच्या गतिरोधकावर ३२१० मिलिमीटर अंतराची दोन चाकं उभी राहिली तर मधला उंचवटा गाडीच्या पोटाकडे साडेसात सेंटिमीटरच येतो, हे भूमितीने सहज काढता येतं. म्हणजे रस्ता मानकाप्रमाणे असेल तर सेडानला घाबरायचं कारण नाही. पण गावकऱ्यांनी अपघातानंतर रातोरात घातलेला आखूड, उभा, काँक्रीटचा बांध दोन चाकांच्या मधे पूर्ण उंचीने उभा राहतो, आणि पोट घासतं. त्या पोटात बॅटरी आहे. वरच्या किमतीच्या गाड्यांत हवेच्या सस्पेन्शनने अंग थोडं उचलता येतं; चाळीस लाखांच्या गाडीत ती सोय गृहीत धरू नये.

इथे छोट्या जोडीकडे येतो. मार्च २०२४ मध्ये आलेली बीवायडीची सील ही विद्युत सेडान ४१ लाखांपासून सुरू झाली. तिचा जमिनीपासूनचा उठाव १४५ मिलिमीटर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महिंद्राने एक्सईव्ही ९ई आणली. तीही चाकणचीच, सुरुवातीची किंमत २१ लाख ९० हजार, उठाव २०७ मिलिमीटर. सील चालवणाऱ्याची गाडी आहे; तिचं वळणं, तिचं जमिनीला चिकटून धावणं याची मजा पुढच्या डाव्या-उजव्या दोन सीटांना मिळते. एक्सईव्ही ९ई वाचायला मला अधिक आवडते, कारण तिच्यात दोन्ही घाट भांडतायत. खालून ती एसयूव्ही आहे, उंच चाकं, उंच पोट. वरून छत सेडानसारखं मागे उतरतं. ती उतरण दिसायला सुरेख आहे, आणि मागे बसणाऱ्या उंच माणसाच्या डोक्याशी थोडी घासाघीसही करते. घरात सहा फुटी मुलगा असेल तर त्याला आधी बसवून पाहा.

एक गोष्ट बरी आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत सरकारने १७० मिलिमीटर उठाव ही एसयूव्हीची एक खूण धरली होती आणि त्यावर अधिभाराचं गणित बदलत असे. विद्युत गाड्यांवर जीएसटी सरसकट ५ टक्के आहे, सेडान असो की एसयूव्ही. करासाठी घाट बदलायची गरज नाही.

माझा कौल स्पष्ट सांगतो. आठवड्याला पुण्याला एकट्याने किंवा दोघांनी जाणं असेल, गाडी स्वतः चालवायची असेल, तर सेडान घ्या. तिच्याइतकी शहाणी रेषा आज रस्त्यावर दुसरी नाही, आणि ती वीजही कमी खाते. पण सोलापुरात बहुतेक गाड्या घरासाठी घेतल्या जातात, मागच्या सीटवर मोठी माणसं बसतात, आणि शेवटचे दोन किलोमीटर कच्चे असतात. त्या घराने एसयूव्ही घ्यावी, तीही छत मागे फार न उतरलेली. शोरूममध्ये जाताना घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला सोबत न्या. सेल्समन पडदा दाखवेल, आवाजाची यंत्रणा लावेल. त्याला थांबवा, दोन्ही गाड्यांची मागची दारं उघडायला सांगा, आजीला दोन्हींत अर्धा अर्धा तास बसवा आणि उतरताना तिला हात देऊ नका. जिच्यातून ती स्वतःहून उतरेल, तिचीच नोंदणी करा.