‘औषधानं हाडं झिजतात’ : माझ्याच स्लाइडची चिरफाड

जर्नल क्लबमध्ये मी ‘स्टार्ट’ चाचणीचा हाडांवरचा पेपर (२०१७) मांडला. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत होतं : ‘एचआयव्हीच्या औषधांनी हाडं झिजतात.’ एम.एस्सी.च्या एका ज्युनिअरनं विचारलं, “दादा, मग गोळ्या जरा उशिरा सुरू केलेल्या बऱ्या ना?” मी गप्पच झालो. चूक पेपरची नव्हती, माझ्या वाक्याची होती. म्हणून तोच पेपर आज परत वाचू.

आधी ताकद. स्टार्टमध्ये ३५ देशांतले ४,६८५ जण होते, भारतातलेही. सगळ्यांची सीडी४ संख्या ५०० च्या वर. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले : एकानं उपचार लगेच घ्यायचे, दुसऱ्यानं सीडी४ ३५० पर्यंत उतरेतोवर थांबायचं. त्यातल्या सुमारे ४०० जणांची हाडांची घनता डेक्सा मशीनवर मोजत राहिले. सरासरी २.२ वर्षांत पहिल्या गटात खुब्याची घनता २.५ टक्के उतरली, दुसऱ्यात १ टक्का. मणक्यात १.९ विरुद्ध ०.४. गट चिठ्ठीनं पडलेत, त्यामुळं इथं ‘कारण’ हा शब्द वापरता येतो. रुग्णांची एकदाच तपासणी करून लिहिलेल्या पेपरला तो हक्क नसतो. तिथं कमी वजन, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि खुद्द विषाणू, सगळं एकात एक मिसळलेलं असतं.

पण कारण कशाचं? इथं पेपर थांबतो आणि माझी स्लाइड पुढं पळते. हाड रोज मोडतं आणि बांधलं जातं. ऑस्टिओक्लास्ट पेशी ते विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं घालतात. उपचार सुरू झाले की प्रतिकारपेशी झपाट्यानं वाढतात आणि ऑस्टिओक्लास्टना चेतवणारे संदेश सोडतात. म्हणजे काही झीज ही बरं होण्याचीच किंमत. शिवाय टेनोफोव्हिर मूत्रपिंडातून फॉस्फेट वाया घालवू शकतं, हा वेगळा रस्ता. स्टार्टमध्ये बहुतेकांच्या उपचारांत टेनोफोव्हिर होतंच, त्यामुळं हे दोन रस्ते या पेपरमधून सुटे करता येत नाहीत.

त्यासाठी २००४ चा पेपर काढा : टेनोफोव्हिर विरुद्ध स्टॅव्हुडिन, १४४ आठवडे. मणक्याची घनता दोन्ही गटांत उतरली, अनुक्रमे २.२ आणि १ टक्का. दोन्हीकडं घट आहे, म्हणून सगळा दोष टेनोफोव्हिरचा नाही. फरकही आहे, म्हणून ते निर्दोषही नाही.

आणखी दोन आक्षेप. एक, डेक्सा घनता मोजतं, फ्रॅक्चर नाही. ४०० जणांत दोन वर्षांत फ्रॅक्चरचा निकाल लागत नाही. शिवाय मणक्यातली घट मुख्यतः पहिल्या वर्षातली, पुढं ती थांबली. दोन, हे सगळे सीडी४ ५०० च्या वरचे. आपल्याकडं खूप उशिरा निदान झालेला, वजन घटलेला माणूस या गटात बसत नाही, आणि कमी सीडी४ वर सुरुवात करणाऱ्यांची हाडं जास्त झिजतात असं दिसलंय. त्यामुळं हा २.५ चा आकडा त्याला जसाच्या तसा लावू नका.

आता ज्युनिअरच्या प्रश्नाचं उत्तर. याच चाचणीत एड्स, इतर गंभीर आजार किंवा मृत्यू लगेच उपचार घेणाऱ्यांत ४२ जणांना गाठून गेले, थांबलेल्यांत ९६ जणांना. हे २०१५ ला कळलं, आणि २०१७ मध्ये भारतानं निदान होताच उपचार हे धोरण घेतलं. आज कोल्हापूर-सांगलीच्या एआरटी केंद्रांत मिळणाऱ्या टीएलडी गोळीतही टेनोफोव्हिर आहे. माझी स्लाइड वाचून कुणी ती गोळी सोडली, तर दोन टक्के घनतेसाठी जीव पणाला लागेल.

स्लाइड आता अशी आहे : ‘लवकर उपचारांनी पहिल्या वर्षात घनता थोडी उतरते, कारणं किमान दोन, उपचार थांबवू नका, हाडांकडं लक्ष द्या.’ लांबडी झालीय, पण खरी आहे. तुमच्या पुढच्या पेपरचं शेवटचं वाक्य लिहिताना विचारा : हे वाचून गोळी हातात धरलेला माणूस काय करेल?